ट्यूबची वही गावाला द्या

विदर्भात अणुभट्टी यावी की येऊ नये, यावर तावातावाने बोलणारे दोन गट आता तालुक्याच्या चहाटपरीवरही सापडतात. एका गटाकडे चेर्नोबिल आणि फुकुशिमा ही दोन नावं असतात, दुसऱ्याकडे रोजगार आणि चोवीस तास वीज. एका बाबतीत मात्र दोघांचं जमतं : भट्टी एक तर फुटते किंवा फुटत नाही, मधलं काही नसतं. मला हे पटत नाही. गावाने विचारायचा पहिला प्रश्न असा असावा की आतल्या नळ्या किती फुगल्या, किती वाकल्या, हे कोण मोजतं, किती दिवसांनी मोजतं आणि तो आकडा आम्हाला कधी, कोणत्या भाषेत मिळतो. याचं उत्तर करारात लिहून मिळत नसेल तर ग्रामसभेने होकार देऊ नये. मिळत असेल तर नुसत्या धास्तीपोटी नकारही देऊ नये.

विषय हवेतला नाही. फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात छोट्या अणुभट्ट्यांसाठी २०,००० कोटी रुपयांची घोषणा झाली आणि २०४७ पर्यंत १०० गिगावॉट अणुवीज असं लक्ष्य ठेवलं गेलं. एप्रिल २०२५ मध्ये महानिर्मितीने रशियाच्या रोसाटॉमशी थोरियमवर चालणाऱ्या छोट्या भट्टीसाठी सामंजस्य करार केला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने नवा अणुऊर्जा कायदा करून या क्षेत्राचं दार खासगी कंपन्यांना उघडलं. विदर्भात आज एकही अणुवीज केंद्र नाही. पण जुने कोळसा संच बंद करून तीच जमीन, तेच पाणी आणि त्याच टॉवर लाइन वापरायच्या, हा विचार देशभर मांडला जातोय, आणि अशा जागा आपल्याकडे चंद्रपूरपासून कोराडीपर्यंत आणि तिकडे पारसपर्यंत आहेत. जनसुनावणीची नोटीस लागल्यावर अभ्यासाला बसायचं म्हटलं तर तीस दिवस मिळतात. त्यापेक्षा आधीच बसलेलं बरं.

तर ती नळी. युरेनियमच्या छोट्या गोळ्या एका बारीक, लांब नळीत भरतात आणि दोन्ही टोकं वेल्ड करून बंद करतात. या नळीला क्लॅडिंग म्हणतात. आपल्याकडच्या २२० मेगावॉटच्या भट्टीत ३०६ चॅनेल (इंधन बसवायचे आडवे मार्ग), प्रत्येकात १२ बंडल (नळ्यांचे जुडगे) आणि प्रत्येक बंडलमध्ये अशा १९ नळ्या. गुणाकार केला तर ६९,७६८ होतात. नळीच्या भिंतीची जाडी जेमतेम ०.४ मिलिमीटर. किरणोत्सारी माल आणि बाहेरचं जग यांच्यातला पहिला धातूचा पडदा हाच. तो झिरकोनियमचा करतात, कारण झिरकोनियम न्यूट्रॉन फारसे गिळत नाही. लोखंडापेक्षा दहापटीहून कमी गिळतो. आपल्या समुद्रकाठच्या वाळूत तो सापडतो, पण सोबत हाफ्नियम घेऊन येतो आणि हाफ्नियम न्यूट्रॉनचा खादाड. हैदराबादचं न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्स १९७१ पासून ही निवड-टिपण आणि नळ्या ओढण्याचं काम करतंय. ही कारागिरी देशाने स्वतःच्या बळावर कमावली आहे आणि तिचा अभिमान मलाही आहे. पण ही नळी म्हातारी कशी होते, हे कोणी बोलत नाही.

धातूवर ताण आहे, पण तो तुटावा इतका नाही. तापमान जास्त आहे, पण तो वितळावा इतकं नाही. अशा अवस्थेत तो वर्षानुवर्षं राहिला की हळूहळू ताणला जातो आणि परत मूळ आकारात येत नाही. धातुशास्त्रात याला क्रीप म्हणतात. कौलारू घराचं आढं कुठल्याही एका पावसाळ्यात मोडत नाही, तरी आजोबांच्या काळातलं सरळ आढं आज मधोमध खाली आलेलं दिसतं, तसंच हे. फरक एवढाच की धातूच्या बाबतीत तापमान थोडं वाढलं तरी वेग भलताच वाढतो. झिर्कलॉय-४ या मिश्रधातूसाठी सर्रास वापरलं जाणारं समीकरण घेऊन हिशेब मांडला, तर ७०० वरून ८०० अंशांवर गेल्यावर फुगण्याचा वेग साधारण पंचवीस पट होतो. ताण दुप्पट केला तर चाळीस पट. शंभर अंश म्हणजे थोडा फरक, अशी आपली रोजची समजूत इथे उपयोगाची नाही. आणि चंद्रपूरच्या मे महिन्यातल्या ४६-४७ अंशांचा या नळीवर थेट काही परिणाम होत नाही, हेही सांगून टाकतो, कारण भाषणांत ते वाक्य हमखास येतं. उन्हाचा संबंध आहे, पण तो पाण्यातून येतो. त्याकडे येतोच.

हे सगळं ऐकून कोणी म्हणेल की खेड्यातल्या माणसाला यातलं काय कळणार. उलट, क्रीप पाहिलेली माणसं महाराष्ट्रात सगळ्यात जास्त कुठे असतील तर आमच्याकडे. 'बॉयलर ट्यूब लिकेज, संच बंद' ही बातमी चंद्रपूर-नागपूरच्या पेपरात इतक्या वेळा येते की वाचणारा पुढे सरकतो. चंद्रपूरचं केंद्र २,९२० मेगावॉटचं. तिथली वाफ ५४० अंशांच्या आसपास असते आणि सुपरहीटरच्या (वाफ आणखी तापवणाऱ्या भागाच्या) पोलादी नळ्या त्या उष्णतेत क्रीपनेच म्हाताऱ्या होतात. ओव्हरहॉलच्या, म्हणजे मोठ्या दुरुस्तीच्या, दिवसांत आसपासच्या गावांतली आयटीआय झालेली पोरं ठेकेदाराकडे कामाला लागतात, बॉयलरच्या पोटात चढतात आणि एकेक ट्यूब तपासतात. भद्रावती तालुक्यातल्या अशाच एका वेल्डरच्या अंगणात मी कापून काढलेल्या ट्यूबचा हातभर तुकडा पाहिला. मधोमध माशाच्या तोंडासारखा उघडलेला. त्याने बोट फिरवून दाखवलं की फाटलेली कड जाडच आहे, धारेसारखी पातळ झालेली नाही. "कड पातळ असली तं समजाचं का ट्यूब एकदम तापली, पाणी नाई भेटलं तिले. हे तशी नोय. हे कितीक वर्षं फुगत होती. थिकनेस मारला असता, डाया घेतला असता, तं आंधीच समजलं असतं." जाड कड म्हणजे दीर्घकाळचा क्रीप, पातळ कड म्हणजे अचानकचा अतिताप, ही गोष्ट पाठ्यपुस्तकात अगदी अशीच दिलेली असते. त्याच्याकडे पाठ्यपुस्तक नव्हतं, कॅलिपर होता.

आणि या बाबतीत कायदाही काही सांगतो. चारशे अंश किंवा त्याहून जास्त तापमानाला चालणाऱ्या बॉयलरचे भाग एक लाख तास वापरून झाले की उर्वरित आयुष्याची तपासणी करावी लागते. एक लाख तास म्हणजे सलग चालवला तर साडेअकरा वर्षं. राज्याचं बाष्पके संचालनालय तपासणी करतं, प्रमाणपत्र देतं. ही व्यवस्था आदर्श आहे असं मी म्हणणार नाही, ओव्हरहॉल पुढे ढकलल्याच्या तक्रारी कामगार करतच असतात. पण धातूचं वय तासांत मोजायचं आणि त्यावर सरकारी माणसाने सही करायची, ही कल्पना इथल्या कामगाराला नवी नाही. अणुभट्टीसाठी हाच हिशेब जास्त काटेकोर लागतो आणि जास्त उघडही लागतो.

किती काटेकोर लागतो, ते कॅनडातल्या पिकरिंग केंद्राने दाखवलं. आपल्या बहुतेक भट्ट्या ज्या घराण्यातल्या, त्याच जड पाण्याच्या (जड हायड्रोजन असलेल्या पाण्याच्या) घराण्यातली ती भट्टी. या प्रकारात इंधनाचं बंडल एका आडव्या प्रेशर ट्यूबमध्ये असतं, तिच्याभोवती दुसरी मोठी नळी आणि त्याबाहेर थंड जड पाणी. आतली नळी बाहेरच्या नळीला टेकू नये म्हणून मध्ये कड्यांसारख्या स्प्रिंगा घातलेल्या असतात. पिकरिंगच्या दुसऱ्या संचात त्या स्प्रिंगा जागेवरून सरकल्या. आतली नळी क्रीपने वर्षानुवर्षं खाली वाकत राहिली आणि शेवटी थंड नळीला टेकली. टेकलेल्या जागी तापमान कमी, त्यामुळे धातूत शिरलेला हायड्रोजन तिकडे गोळा होत गेला. ठिसूळ फोड आले. ऑगस्ट १९८३ मध्ये ती नळी सुमारे दोन मीटर फाटली. भट्टी सुरक्षित बंद झाली, कोणाला इजा झाली नाही. पण गुन्हेगार कोण, हे पाहा. स्फोट नव्हता, भूकंप नव्हता, ऑपरेटरची डुलकीही नव्हती. काही मिलिमीटरचं वाकणं होतं आणि ते कुणी वेळेवर मोजलेलं नव्हतं.

आपल्याकडचं उदाहरण जवळचं आहे. तापी नदी मेळघाटच्या कडेने पुढे जाते आणि गुजरातेत काक्रापारला पोचते. तिथल्या अणुकेंद्राच्या पहिल्या संचात ११ मार्च २०१६ रोजी कूलंट चॅनेलला गळती लागली. कारण लगेच कळलं नाही. पुढे सांगण्यात आलं की नळीच्या बाहेरच्या अंगाला, जिथे कार्बन डायऑक्साइड वायू खेळवतात तिथे, ठिकठिकाणी गंज चढली होती. हा क्रीपचा प्रकार नाही आणि मी तसं भासवणारही नाही. पण नळीला झीज ज्या बाजूने अपेक्षित नव्हती त्या बाजूने आली, आणि तो संच नळ्या बदलून पुन्हा सुरू व्हायला २०१९ उजाडलं. केंद्राबाहेर किरणोत्सार पसरला नाही, असं अधिकृतपणे सांगण्यात आलं. मी ते खोटं मानत नाही. प्रश्न असा आहे की शेजारच्या गावाला हे पडताळून पाहण्याचा मार्ग कोणता होता.

आता उष्णता आणि पाणी. चालू भट्टीत क्लॅडिंगच्या बाहेर दाबाखालचं पाणी असतं आणि तापमान तीनशे अंशांच्या घरात. बाहेरचा दाब आतल्यापेक्षा जास्त, त्यामुळे नळी गोळ्यांना घट्ट बिलगून बसते. मोठी पाइप फुटली, पाणी निघून गेलं, की चित्र उलटं होतं. बाहेरचा दाब पडतो, आतल्या वायूंचा दाब तसाच राहतो, तापमान चढत जातं. सातशे-आठशे अंशांच्या पुढे नळी फुग्यासारखी फुगते आणि काही सेकंदांत किंवा मिनिटांत फुटते. फुगलेल्या नळ्या एकमेकींना भिडून उरलेल्या पाण्याची वाटही अडवतात. ८०० अंशांच्या पुढे झिरकोनियमची आतली रचनाच बदलायला लागते आणि क्रीपचे नियमही बदलतात, म्हणून या पट्ट्यात नेमकं काय घडेल हे सांगायला प्रयोगशाळेत शेकडो नळ्या फोडून पाहाव्या लागतात. १,२०० अंशांच्या आसपास वाफ आणि झिरकोनियम यांची रासायनिक क्रिया इतकी उष्णता देते की ती स्वतःलाच पेटती ठेवते, आणि सोबत हायड्रोजन सोडते. अमेरिकी नियमांत क्लॅडिंगची कमाल मर्यादा १,२०४ अंश ठेवली आहे ती याचसाठी. २०११ मध्ये फुकुशिमाच्या इमारतींची छपरं ज्यामुळे उडाली तो हाच हायड्रोजन.

आपल्या जड पाण्याच्या भट्टीच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण विरोधकांच्या पत्रकात ती कधी नसते. अपघातात प्रेशर ट्यूब तापून क्रीपने फुगली तर ती बाहेरच्या नळीला जाऊन टेकते, आणि त्या नळीबाहेर थंड जड पाण्याची भलीमोठी टाकी असते. म्हणजे फुगणंच उष्णतेला वाट करून देतं. पिकरिंगला ज्या टेकण्याने घात केला, तेच टेकणं इथे वाचवतं. क्रीप वाईट, असं सरसकट म्हणता येत नाही. तो कुठे, किती आणि कोणत्या तापमानाला होतोय, यावर सगळं अवलंबून. मोजमापाचा हट्ट मी धरतोय तो यासाठीच.

कोळशाचा संच बंद केला की काही तासांत थंडावतो. अणुभट्टी बंद केली तरी लगेच पूर्ण क्षमतेच्या सहा-सात टक्के उष्णता निघतच राहते, दिवसभरानंतरही अर्ध्या टक्क्याच्या जवळपास. २२० मेगावॉट विजेच्या भट्टीत सुरुवातीची ही उष्णता पन्नास मेगावॉटच्या आसपास भरते, कारण भट्टीतल्या एकूण उष्णतेच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमीचीच वीज होते. ती न्यायला पाणी हवंच, संच वीज विकत असो वा नसो. आता इरई धरण आठवा. चंद्रपूरचं केंद्र आणि चंद्रपूर शहर दोघंही त्यावर. २०१० च्या उन्हाळ्यात पाणी इतकं आटलं की वीज संच बंद ठेवावे लागले. कोळशाच्या बाबतीत हे नुकसान पैशांचं. अणुभट्टीसाठी राखीव थंडाव्याचं पाणी वेगळं साठवलेलं असतं, हे खरं. पण किती दिवसांचं, कोणत्या टाकीत, आणि सलग दोन वर्षं दुष्काळ पडला तर शेती, शहर आणि भट्टी यांचा क्रम काय, हे आधी कागदावर यायला हवं. आमच्याकडे सिंचनाचं पाणी वीज प्रकल्पांकडे वळवल्याचा राग जुना आहे. त्या रागाला 'विकासविरोधी' म्हणून झटकणाऱ्यांनी इरईची पातळी एकदा मे महिन्यात पाहून यावी.

माहिती मागितली की पहिलं उत्तर येतं : राष्ट्रीय सुरक्षा. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याचं कलम १८ त्यासाठी होतंच, आणि नव्या कायद्यातही माहिती 'प्रतिबंधित' ठरवण्याची मुभा सरकारने स्वतःकडे ठेवली आहे. भट्टीचा नकाशा, पहारा, इंधनाची ने-आण ही गुपितं राहोत. पण प्रेशर ट्यूब किती मिलिमीटर वाकली, यातून शत्रूला काय मिळणार? कॅनडातले नियामक प्रेशर ट्यूबमधल्या हायड्रोजनच्या प्रमाणावर खुल्या सुनावण्या घेतात. त्यांचं संरक्षण त्यामुळे कमकुवत झाल्याचं ऐकिवात नाही. आपलं अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ मध्ये स्थापन झालं, पण बरीच वर्षं ते त्याच खात्याच्या छायेत राहिलं ज्याच्यावर नजर ठेवायची. २०१२ मध्ये कॅगने, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांनी, यावर नेमकं बोट ठेवलं होतं. नव्या कायद्याने मंडळाला वैधानिक दर्जा दिला, हे चांगलं झालं. दर्जा मिळाल्यावर ते गावाशी बोलू लागतं की नाही, ते आता पाहायचं.

दुसरं उत्तर : लोकांना कळत नाही. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने हे उत्तर कधीच निकालात काढलंय. तिथे ग्रामसभा निर्णय घेण्याआधी अभ्यासगट बसतो, जाणकाराला बोलावतो, हवं तितके दिवस प्रश्न विचारतो. त्याच बळावर २०११ मध्ये या गावाने बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार सरकारकडून मिळवला आणि त्याचे हिशेब स्वतः ठेवले. बांबूचं वन-व्यवस्थापन समजून घेणारं गाव नळीच्या व्यासाचा आलेख वाचू शकणार नाही? सोयाबीन विकताना ओलाव्याच्या टक्क्यावरून व्यापाऱ्याशी भांडणारा शेतकरी टक्के चांगलेच ओळखतो. तिसरं उत्तर, की आकडे दिले तर घबराट पसरेल, मला सगळ्यात पोकळ वाटतं. घबराट अर्धवट माहितीतून आणि व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या कवटीच्या चित्रांतून पसरते. दर सहा महिन्यांनी एकाच नमुन्यात आकडे येत राहिले की लोकांना ते आकडे कंटाळवाणे वाटायला लागतात, आणि कंटाळवाणे आकडे हे चांगल्या व्यवस्थेचंच लक्षण आहे.

मग सरळ 'नको' का म्हणत नाही, असं मित्र विचारतात. कारण कोळशाचं नुकसान आमच्या दारात रोज आहे. जुलै २०२२ मध्ये कोराडी वीज केंद्राचा खसाळ्याचा राख बंधारा फुटला आणि राखेचा चिखल शेतांत, नाल्यांत गेला. घुग्गुस-वणी पट्ट्यातली धूळ कुणाला पुराव्याने सिद्ध करून दाखवायची गरज नाही. चांगल्या देखरेखीखालची अणुभट्टी यापेक्षा बरी ठरू शकते, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. पण 'चांगल्या देखरेखीखालची' या शब्दांना वजन यायचं तर देखरेखीची वही गावाच्या हातात हवी. राख बंधारा भरत चाललाय हे गावकऱ्यांना निदान डोळ्यांनी दिसत होतं. प्रेशर ट्यूबचं वाकणं कुणाच्याच डोळ्यांना दिसणार नाही.

त्या वहीत काय असावं, तेही स्पष्ट मागितलं पाहिजे. प्रत्येक तपासणीत मोजलेल्या चॅनेलांचा व्यास, भिंतीची जाडी, वाकणं, स्प्रिंगा जागेवर आहेत की नाहीत, नळीतला हायड्रोजन. शीतक पाण्यातल्या आयोडीनचं प्रमाण, कारण क्लॅडिंगला बारीक भोक पडलं की ते तिथेच आधी कळतं. प्रत्येक आकड्याशेजारी मंजूर मर्यादा. सगळं मराठीत आणि गडचिरोलीकडे गोंडीतही. आकडे समजावून द्यायला धातुशास्त्राचा एक जाणकार, ज्याचं मानधन प्रकल्पाच्या खर्चातून निघेल पण निवड ग्रामसभा करेल. नागपूरला व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेत हा विषय शिकवला जातो, माणसं मिळतील. आणि केंद्राच्या तपासणी पथकांत ठेकेदारी पोरांची नावं नुसत्या हजेरीपटावर न राहता, ज्याने माप घेतलं त्याची सही त्या मापाशेजारी.

उरतो पैशाचा मुद्दा, जो कंपन्यांच्या सादरीकरणात शेवटच्या पानावरही नसतो. अणुवीज केंद्रं चालवणाऱ्या सरकारी एनपीसीआयएल कंपनीने भारत स्मॉल रिअॅक्टर या नावाने जी योजना पुढे आणली आहे, तिच्यात २२० मेगावॉटची भट्टी कारखानदाराच्या पैशाने, त्याने दिलेल्या जागेवर उभी राहायची आहे. गडचिरोली-चंद्रपुरात पोलादाचे कारखाने वाढताहेत, म्हणजे गिऱ्हाईक इथेच आहे. क्लॅडिंग इंधनाबरोबर बदललं जातं, पण प्रेशर ट्यूब पंचवीस-तीस वर्षं तिथेच असते आणि मग सगळ्या बदलाव्या लागतात. राजस्थानातल्या रावतभाटा अणुकेंद्राचा दुसरा संच या कामासाठी १९९४ मध्ये बंद झाला तो १९९८ मध्ये सुरू झाला. तेवढी वर्षं वीज नाही, उत्पन्न नाही, खर्च मात्र मोठा. पंचवीस वर्षांनी तो कारखाना चालू असेल का, कंपनीची मालकी कोणाकडे असेल, पोलादाचा भाव काय असेल? नळ्या बदलण्याचा पैसा विजेच्या पहिल्या युनिटपासून वेगळ्या खात्यात बाजूला पडला पाहिजे आणि त्या खात्यातून ग्रामसभेला कळवल्याशिवाय रुपयाही काढता येऊ नये. खात्यात पैसा कमी पडला किंवा मोजमाप मर्यादेपलीकडे गेलं तर भट्टी बंद ठेवायची, दंड भरून चालू ठेवायची नाही, हे कलम करारात पहिल्या पानावर हवं.